खालच्या पायरीवरची तीनशेपटी

मित्रांनो, या घरच्या जावयाला हात स्वस्थ ठेवता येत नाहीत. खरबरीत काही दिसले की त्याच्या बोटांना खाज सुटते. ओटा घासला, उंबरा घासला, नळाखालची फरशी घासली. एकदा तर सासऱ्यांची काठी घासून अशी चकचकीत केली की ती दिवसभरात तीनदा त्यांच्या हातातून निसटली. कुणी म्हणायचा अवकाश, "काय लखलखतंय हो!", की हा फुगलाच. पण लखलखाटावर पाय कसा ठरणार, याचा विचार कुणी करायचा? मी करायचा? बरे, मी करते. नाहीतरी मला दुसरे काम नाही.

मी एक जुनी तीनशेपटी आहे. हे नाव आम्हाला या घरच्या लेकीने दिले, ती लहान असताना, माझ्या आजीच्या आजीला पाहून. पुस्तकात आमचे नाव वेगळे असेल. मी कधी पुस्तकात गेले नाही. पुस्तकात जाते ती माझी चुलत बहीण कसर. ती घरातल्या कपाटात राहते, खळीच्या लोभाने पुठ्ठे कुरतडते आणि स्वतःला शिकलेली समजते. समजू दे. तिला उडी मारता येत नाही.

माझी लांबी तुमच्या करंगळीच्या नखाएवढी. पाठीला पोक, अंगावर बारीक करडे खवले, डोक्यावर एकमेकांना टेकलेले दोन टपोरे डोळे आणि मागे तीन शेपट्या, त्यातली मधली सर्वांत लांब. पंख नाहीत. गळाले नाहीत, कुणी छाटले नाहीत, आमच्या घराण्यात ते कधी नव्हतेच. किड्यांना पंख फुटण्याच्या आधीपासून आम्ही दगडावर नांदतो आहोत. माशी आणि फुलपाखरू ही कालची पोरे. तोरा मात्र बघा! एकदा एक माशी मला म्हणाली, "आजी, तुझे पंख कुठे गं हरवले?" मी म्हटले, "तुला ते मिळालेत ना, मग जपून वापर. भिंतीवर पाल बसली आहे." तिने ऐकले नाही. पुढचे सांगत नाही.

मला भीती वाटली की मी शेपटीकडचे अंग दगडावर आपटते आणि वीतभर उंच उडते. कुठे पडेन हे मलाही ठाऊक नसते. ज्याने भिववले त्याच्यापासून लांब पडते, एवढे पुरे.

या घराच्या मागच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. त्या उतरल्या की अंगण, पुढे पत्र्याची शेड, आणि शेडला टेकून उभे केलेले दगडाचे चिरे. घरातले म्हातारबा पाथरवट. जन्मभर त्यांनी पायऱ्या, उंबरे आणि ओटे घडवले. त्यांच्या कामाची एक रीत होती. दगड तोडायचा त्यांनी आणि टोचायचा त्यांच्या बायकोने. टोचायचा म्हणजे छिन्नी धरून त्याच्या अंगावर बारीक रेघा पाडायच्या, म्हणजे ओल्या पायालाही दगड धरून ठेवतो. म्हातारबांची बायको डावखुरी होती. सगळ्या जगाच्या रेघा एका बाजूला कलत, तिच्या दुसऱ्या बाजूला. गिऱ्हाईक विचारी, "हे असं उलटं का?" म्हातारबा म्हणत, "तुम्हाला पायरीवर चढायचंय की पायरी वाचायचीय?"

आपल्या घराची खालची पायरी त्या दोघांनी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी केली. काळसर, रुंद, दोघांना शेजारी बसता येईल अशी. मी त्या पायरीच्या मागच्या चिरेत जन्मले. ज्या वर्षी मी जन्मले, त्याच वर्षी ती बाई गेली. मी तिचा चेहरा पाहिला नाही. पण तिच्या रेघांवरून मी रोज चालले. कोणती रेघ तिने घाईत मारली, कुठे छिन्नी बोथट झाली होती, कुठे ती थांबली आणि पुन्हा सुरू झाली, हे सगळे मला पायांनी कळत असे. शाळा नाही म्हणून वाचता येत नाही, असे समजू नका.

ती गेल्यावर म्हातारबा एकटेच पायरीवर बसू लागले. सकाळी चहाचा पेला घेऊन, नेहमी डाव्या अंगाला. उजवी बाजू रिकामी. तिथे ना पेला ठेवायचे, ना काठी. लेकीने झाडू घेतला की म्हणायचे, "तेवढं राहू दे गं." लेक एक क्षण थांबायची आणि राहू द्यायची. कुणी बसत नाही, कुणी झाडत नाही, नळाचा ओलावा शेजारी. तिथे शेवाळ धरले. तिच्या रेघांमध्ये हिरवे बारीक शेवाळ. मित्रांनो, मी त्याच शेवाळावर वाढले. एका बाईची रिकामी जागा हे माझे शेत होते.

म्हातारबा चहा पिता पिता उजवा हात त्या बाजूला नेत आणि एका बोटाने रेघ चाचपत. एक, मग दुसरी, मग तिसरी. बोट आले की मी बाजूला सरत असे. त्यांना मी माहीत होते. "काय तीनशेपटे, झाली का न्याहारी?" असे ते मला विचारत. मला उत्तर देता येत नसे आणि त्यांना नको असे. आमचे बरे चालले होते.

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. इतर किडे मोठे झाले की कात टाकायचे थांबतात. आमचे तसे नाही. आम्ही मरेपर्यंत कात टाकतो. आणि कात टाकण्याआधी आम्हाला स्वतःला दगडाला चिकटवून घ्यावे लागते. डिंक आम्ही आपल्याच विष्ठेचा करतो. नाके मुरडू नका, तुमच्या घरातल्या गोष्टी मीही पाहिल्या आहेत. तो डिंक खरबरीत दगडात रुतून घट्ट बसला, की आम्ही अंग ताणतो आणि जुन्या कातडीतून पुढे निघतो. डिंक सुटला तर कातडी आपल्याबरोबर फरफटत येते. अर्धे अंग बाहेर, अर्धे आत. तशी एकही तीनशेपटी वाचलेली मी पाहिली नाही.

कधीकाळी पायरीखाली आम्ही साठ-सत्तर जण होतो. गर्दीत राहायचो, पण कोण कुणाचे हे कुणालाच ठाऊक नसायचे. आमच्यात आई अंडी चिरेत ठेवते आणि निघून जाते. नवरा चार दिवस पुढे-मागे नाचतो, एक धागा ताणून त्यावर आपले बीज ठेवतो आणि तोही जातो. मी कितीतरी अंडी ठेवली. त्यातली कोणती पोरे माझी, सांगता येत नाही. एक होती. चालताना मधली शेपटी जरा उजवीकडे धरायची, माझ्यासारखी. ती माझीच असेल, असे मी मनाशी ठरवले होते. तिला कधी सांगितले नाही. आता वाटते, सांगायला हवे होते.

मग लेकीचे लग्न झाले आणि जावई इथेच राहायला आला. माणूस वाईट नाही, हे कबूल करते. पहाटे उठतो, सासऱ्यांचे धोतर स्वतः पिळून वाळत घालतो, बायकोवर आवाज चढवत नाही. पण येताना त्याने एक मशीन आणले. गोल तबकडीचे, पाणी ओतून घासायचे, आवाज असा की घशाशी आलेले शेवाळ परत पोटात जावे. शेडमधले चिरे एकेक करून त्याखाली गेले आणि आरसे होऊन बाहेर आले. म्हातारबांनी एकदाच विचारले, "पायरीसाठी पण असाच?"

"मामा, आता लोकांना असंच लागतं. तोंड दिसलं पाहिजे त्यात."

"पायरीत तोंड बघतात लोक?"

जावई हसला. म्हातारबा हसले नाहीत.

चिऱ्यांच्या आधाराने राहणारी आमची माणसे हळूहळू कमी झाली. काही मशीनच्या पाण्यात वाहून गेली. काहींनी भिंतीचा आधार घेतला आणि तिथे पालींची चंगळ झाली. माझी ती पोर, जी माझी असेल, तिची कात टाकायची वेळ झाली तेव्हा ती शेडजवळ होती. तिने एका चकचकीत चिऱ्यावर डिंक लावला. दगड स्वच्छ होता, गार होता, तिला चांगला वाटला असेल. तरुणपणी चमकते ते चांगलेच वाटते. सकाळी मी गेले तेव्हा ती चिऱ्याच्या पायथ्याशी पडली होती, डोके नवे आणि शेपट्या जुन्या. मुंग्या आल्या होत्या. मी उडी मारून परत आले.

त्यानंतर पायरीवर मी एकटीच.

यंदा म्हातारबांच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले. लेक त्यांना घेऊन दवाखान्यात गेली, दोन दिवसांसाठी. घरी जावई एकटा. आणि रिकामा जावई म्हणजे काय, ते मी सुरुवातीलाच सांगितले आहे.

पहिल्या दिवशी त्याने पायरीसमोर उकिडवे बसून तिच्याकडे पाहिले. मी शेवाळात होते. तो स्वतःशीच म्हणाला, "एवढा मोठा कारागीर, आणि याच्याच दारात ही अशी हिरवी पायरी. म्हाताऱ्याला दिसायला लागेल तेव्हा पहिलं हेच दिसू दे." त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. त्याला खरेच सासऱ्यांना खूश करायचे होते. म्हणून तर माझा राग जास्त आहे. दुष्टापासून माणूस सावध तरी असतो.

मशीन सुरू झाले. मी उडाले ती नळाजवळ पडले आणि पालथ्या बादलीच्या कडेखाली शिरले. तिथून सगळे पाहिले. आधी शेवाळ गेले. मग रेघा. पाणी काळे होऊन वाहत होते आणि त्यात तिचा हात वाहत होता, चाळीस वर्षांचा. शेवटी त्याने चिरा पांढऱ्या सिमेंटने भरल्या, बोट फिरवून सारख्या केल्या, आणि लांब उभा राहून हसला. पायरीत आभाळ दिसत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षा थांबली. म्हातारबांच्या एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यातून आधीच अंधुक दिसायचे. ते घरात गेले, आणि लगेच मागच्या दाराशी आले. लेक म्हणाली, "आप्पा, जरा पडा ना आधी."

"दोन दिवस पडूनच होतो. बसतो जरा तिच्याजवळ."

जावई पुढे झाला. "मामा, हळू. तुमच्यासाठी एक गंमत केलीय."

म्हातारबांनी खालच्या पायरीवर पाय ठेवला. पाय थांबला. पुन्हा उचलून ठेवला, जसा परक्याच्या घरात ठेवतात तसा. "हा कुणाचा दगड?" त्यांनी विचारले.

"आपलाच की! बघा तरी."

दुसरा पाय टाकायला गेले आणि सटकले. जावयाने दंडाला धरले म्हणून नुसतेच बसले, धप्पकन. मग म्हातारबांचा उजवा हात शेजारच्या जागेवर गेला. बोट पुढे गेले, मागे आले, कडेपर्यंत जाऊन पुन्हा आले. बोटाला काही सापडेना.

"तिच्या रेघा कुठं आहेत?"

जावयाने लेकीकडे पाहिले. लेकीने त्या पायरीकडे पाहिले आणि तोंडावर हात ठेवला. "अहो, ती पायरी आईनं टोचली होती," ती हळू म्हणाली. "काय केलंत हे?"

"मला... मला कुणी सांगितलंच नाही."

हे खरे होते. त्याला कुणीच सांगितले नव्हते. या घरात जे सगळ्यांना ठाऊक असते ते कुणी बोलत नाही. म्हातारबा उठले, भिंत धरून आत गेले. ओरडले असते तर बरे झाले असते.

त्या दिवसापासून ते बाहेर आले नाहीत. स्वयंपाकघरात खुर्चीवर, दाराकडे पाठ करून चहा प्यायचे. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. मला "न्याहारी झाली का" विचारणारे कुणी उरले नाही. न्याहारीही उरली नाही.

आणि माझी कात आली होती. अंग आवळत होते, खवले ओढत होते. मी पायरीवर चढले, डिंक लावला, जोर दिला, पाय घसरले. तोंड दिसले मात्र स्वच्छ. म्हातारी, पोकाची, भेदरलेली. ते मला बघायचे नव्हते. चिरा बुजल्या होत्या. भिंतीला तैलरंग. अंगणापलीकडे खरबरीत दगड असेलही, पण मध्ये दहा पावलांचे तापलेले अंगण, कोळी आणि मुंग्या. आवळलेल्या अंगाने मला वीतभरही उडता येत नव्हते, वरच्या पायऱ्या तर दूरच. आज नाही तर उद्या संध्याकाळपर्यंत मला धरायला जागा हवी होती. नाहीतर त्या पोरीसारखे. फरक एवढाच की मला सकाळी शोधायला कुणी येणार नव्हते.

चौथ्या दिवशी सकाळी जावई मागच्या दाराने आला. हातात मशीन नव्हते. लेकीने आईची छिन्नी आणि छोटा हातोडा फडक्यातून काढून त्याला दिला होता. तो पायरीसमोर मांडी घालून बसला. छिन्नी टेकवली, हातोडा मारला. छिन्नी घसरली. पुन्हा मारला. अंगठ्यावर बसला. "आई गं," म्हणाला, आणि पुन्हा मारला. टक, टकटक, टक. अशी लय मी जन्मात ऐकली नव्हती. लंगडी गाय पत्र्यावर चालावी तशी.

अर्धा तास झाला असेल. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"छिन्नी उभी धरलीयस का रे?" म्हातारबा आतूनच ओरडले.

"हो मामा."

"उभी धरून दगडाला गुदगुल्या करतोस? आडवी पाड! अजून! मार आता."

टक.

"हातोडा मनगटातून. खांद्यातून मारून भिंत पाडायचीय का तुला?"

टक. टक. टक.

"आता बरं. थांबू नकोस. थांबलास की दगडाला कळतं."

म्हातारबा कधी दाराशी आले आणि कधी वरच्या पायरीवर बसले, हे जावयाला कळलेच नाही, इतका तो घामाघूम झाला होता. पट्टीच्या डोळ्याने ते काय पाहणार? ते कानाने पाहत होते. "ही उथळ गेली. ही जास्त झाली. ही... ही चालेल." लेक दाराला टेकून उभी होती. तिने चहाचे तीन पेले आणले आणि गार होऊ दिले.

दुपार कलली तेव्हा पायरीचा उजवा अर्धा भाग टोचून झाला होता. म्हातारबा वाकले. बोट रेघांवर फिरवले. एक, दुसरी, तिसरी. वेडीवाकडी, कुठे खोल, कुठे पुसट, आणि सगळ्या जगाच्या बाजूने कललेली.

"तिच्या नाहीत," ते म्हणाले.

जावयाने मान खाली घातली.

म्हातारबांनी चप्पल काढली, पाऊल त्या रेघांवर ठेवले आणि दाबून पाहिले. बराच वेळ पाहिले. "पण धरतात," ते म्हणाले. मग डाव्या अंगाला, अजून गुळगुळीत असलेल्या अर्ध्यावर, काठी रोवून सावकाश बसले. जावई उजवीकडे टेकायला गेला, तर लगेच, "तिथं नाही. वरती बस." जावई वरती बसला.

संध्याकाळी सगळे आत गेले. आतून पेल्यांचा आवाज येत होता. मी बादलीखालून निघाले. पायरी चढायला मला एरवी क्षण लागतो, त्या दिवशी किती लागला ते विचारू नका. उजव्या बाजूची पाचवी रेघ मी निवडली, सगळ्यांत वाकडी, कारण ती सगळ्यांत खोल होती. डिंक लावला. वाट पाहिली. तो सुकेपर्यंतचा वेळ फार लांब असतो, आणि त्या वेळात कुणीही बरोबर नसते. मग जोर दिला. रेघेने धरले.

मी बाहेर आले, मऊ, फिकट, नवीन. चौथा पावसाळा पाहिलेली बाई आणि अंग लेकराचे. मागे वळून पाहिले तर माझी कात तिथेच रेघेत बसली होती, पोकासकट, तीन शेपट्यांसकट. कुणी लांबून पाहिले असते तर त्याला वाटले असते, दोघी शेजारी बसल्या आहेत. मी थोडा वेळ तिच्याजवळ थांबले. गरज नव्हती. तरी थांबले.

माझ्या जातीचे इथे आता दुसरे कुणी नाही. शेवाळ परत धरायला एक पावसाळा जाईल. तोवर मी कडेच्या सांदीत मिळेल ते चाटून राहीन. म्हातारबा सकाळी पुन्हा बसायला लागले आहेत. बोट अजून रेघा मोजते, पण तिसऱ्या रेघेला अडखळते आणि परत पहिलीवर जाते. अनोळखी अक्षर आहे ना. वेळ लागतो.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी खरबरीत, ओबडधोबड वस्तू असेल, तर घासण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, ही अशी का आहे? आणि म्हाताऱ्यांनो, तुम्हीही विचारायची वाट पाहू नका, आधीच सांगा. मी एका पोरीला सांगितले नव्हते.

काल दिवेलागणीला जावई पायरीजवळ आला. अंगठा सुजलेला, हातात ओले फडके. पुसायचीच सवय! माझी कात अजून रेघेत होती. त्याने वाकून पाहिले, एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे. मी उडाले नाही. त्याला ऐकू येणार नाही, हे मला ठाऊक होते, तरी मी चढ्या आवाजात बोलले, कारण घरातल्या माणसाला जे सांगायचे ते तोंडावर सांगावे:

"जावईबापू, तुझी एकही रेघ सरळ नाही. तिच्या हाताची सर तुला या जन्मात येणार नाही. पण जीव धरून ठेवलास माझा, म्हणून तुला या घरात ठेवला. आता ते फडकं खाली ठेव."